मुठीएवढ्या हृदयाची प्रतिकृति

सुरगाणा किंवा पेठ तालुक्यांतील एखाद्या आश्रमशाळेंत वैद्यकीय पथक येतें, मुलांच्या छातीला नळी लावून पाहतें, आणि एका मुलाच्या हृदयाच्या ठोक्यांत निराळाच ध्वनि ऐकूं येतो. मुलांच्या अशा तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१३ सालीं पालघर येथें सुरू झाला, व जन्मजात हृदयविकार त्याच्या यादींत आहे. तेथून मुलाला नाशिकला आणावें लागतें. विकार गुंतागुंतीचा असला तर मुंबईहि गांठावी लागते. हजार जन्मांमागें सुमारें आठ-नऊ बालकांच्या हृदयांत असा दोष असतो.

यांतील पुष्कळ दोष साधे. पडद्याला छिद्र असलें तर ठिगळ लावून तें बुजवितां येतें. कांहीं छिद्रें आपोआपच बुजतात. कसोटी लागते ती निराळ्या हृदयांत. शरीराला शुद्ध रक्त पुरविणारी महारोहिणी वास्तविक डाव्या कप्प्यांतून निघावयाची. पण कांहीं बालकांत ती आणि फुप्फुसांकडे जाणारी वाहिनी, दोन्ही उजव्याच कप्प्यांतून निघतात. मग पडद्यांतील छिद्रापासून महारोहिणीपर्यंत आंतून बोगदा घालतां येईल काय? येत असेल, तर मुलाला दोन पंपांचें हृदय लाभतें. नसेल, तर एकाच पंपावर आयुष्य काढण्याची व्यवस्था करावी लागते. हा निर्णय छाती उघडल्यावर घेण्याचा नव्हे. बालकाचें हृदय जेमतेम त्याच्या मुठीएवढें. रक्त यंत्राकडे वळवून तें थांबविलें म्हणजे रिकामें व लुळें पडतें, आणि घड्याळ तर चालूच असतें.

सी. टी. स्कॅन हृदयाच्या पातळ चकत्या दाखवितो. त्या मनांत एकावर एक रचून आंतील वाटा ताडणें हें शल्यवैद्याचें जुनें कौशल्य. पण दोन कुशल माणसें त्या दोन तऱ्हांनीं रचूं शकतात. त्रिमिति छपाईंत तें काम हातीं घेतां येण्याजोगें होतें. प्रत्येक चकतींतील रक्ताची सीमा आंखली जाते, संगणक त्या सीमा जोडतो, आणि यंत्र थरावर थर देत हृदय उभें करतें. अतिनील किरणांनीं द्रवाचा थर कठीण करण्याच्या युक्तीचें पेटंट चार्ल्स हल या अमेरिकन गृहस्थास १९८६ सालीं मिळालें. रबरासारखा लवचिक पदार्थ वापरला तर तें हृदय कापतां व शिवतांहि येतें. टोरोंटोच्या बालरुग्णालयांत शल्यवैद्य अशा हृदयांवर सराव करतात.

उपयोग किती? २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत दहा रुग्णालयांतील ४० रुग्ण होते. प्रतिकृति पाहिल्यावर १९ जणांच्या शस्त्रक्रियेचा बेत बदलला. बेत बदलला म्हणजे जीव वाचला असें मात्र नव्हे. त्याच वर्षीं कोचीच्या अमृता संस्थेंतील वैद्यांनींहि आपला अनुभव प्रसिद्ध केला. साधनें बेताचीं असतांहि निवडक रुग्णांसाठीं हें जमतें, हा त्यांतील आपल्याकडे विशेष लागू पडणारा भाग.

प्रतिकृति धडधडत नाही. झडपांचे नाजूक पडदे तींत नीट उमटत नाहींत. आणि स्कॅनमध्यें चूक असली तर ती प्रतिकृतींतहि उतरते, तीहि मोठ्या ऐटीनें! म्हणून नाशिकसारख्या शहरांत छपाईच्या यंत्रापेक्षां चांगल्या स्कॅनला महत्त्व अधिक. चित्रें तारेवरून क्षणांत मुंबईस जातात. मूल पोहोंचण्यापूर्वीं त्याच्या हृदयाची प्रतिकृति तेथें तयार असूं शकते. मात्र लहानग्याची नाडी जलद, त्यामुळें औषध टोंचणें व चित्र घेणें यांची वेळ अचूक साधावी लागते. ती चुकली तर त्या बालकाला मुंबईंत पुन्हां सुई आणि पुन्हां किरण.