फितरा : चार ओंजळींचे माप



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी बाराखडी गिरवली, त्याच शाळेत गुरुजींच्या स्मृतिदिनी चार शब्द बोलण्याची संधी मला मिळाली, याबद्दल मी संयोजकांचा ऋणी आहे. गुरुजी गणिताचे शिक्षक. त्यांच्या स्मरणार्थ होणाऱ्या व्याख्यानात रमजानच्या अखेरीस द्यावयाच्या फितऱ्याविषयी मी बोलणार, हे पाहून काहींना नवल वाटले असेल. परंतु हा विषय मला प्रथम गुरुजींनीच दिला, आणि तोही फळ्यावर, खडूने.

माझे वडील जळगाव जिल्ह्यातून ताप्ती लाईनच्या गाडीने सुरतेला आले आणि उधन्याजवळच्या वस्तीत राहिले. आपल्या सुरतेत विणकामाच्या कारखान्याला ‘खाते’ आणि मागाला ‘संचा’ म्हणतात; अब्बा अशाच एका खात्यात रात्रपाळीला संचे चालवीत. घरात खानदेशी वळणाची दखनी, शाळेत मराठी, रस्त्यावर गुजराती, अशा तीन भाषांत आमचे बालपण गेले. सातवीच्या वर्गात दशांश अपूर्णांक चालू असताना गुरुजींनी मला विचारले, “तुमच्याकडे रमजानात माणशी काही धान्य देतात ना? किती?” मशिदीच्या फळ्यावर वाचलेला आकडा मी सांगितला : 1 किलो 633 ग्रॅम गहू. गुरुजींनी लगेच उदाहरण घातले. घरात माणसे 7, तर एकूण गहू किती? उत्तर आले 11 किलो 431 ग्रॅम. मागच्या बाकावरून कोणीतरी विचारले, “गुरुजी, सरळ बारा किलो का नाही लिहायचे?” गुरुजी म्हणाले, “वहीत 11.431 लिहा. घरी मोजताना बारा मोजा.” या एका वाक्यात फितऱ्याचे सारे मर्म आले आहे, हे समजायला मला पुढे पुष्कळ वर्षे लागली.

फितरा म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जकात आणि फितरा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जकात ही संपत्तीवर असते. वर्षभर जवळ राहिलेल्या ठराविक मर्यादेपलीकडील धनाचा चाळिसावा हिस्सा द्यावयाचा असतो. फितरा, म्हणजेच सदका-ए-फित्र, हा माणसागणिक असतो. हिजरी सनाच्या दुसऱ्या वर्षी, म्हणजे इसवी सन 624 मध्ये, रमजानचे रोजे अनिवार्य झाले आणि त्याच वर्षी फितराही लागू झाला. लहान आणि मोठा, स्त्री आणि पुरुष, सर्वांचा तो द्यावयाचा. ईदच्या पहाटेपूर्वी जन्मलेल्या बाळाचाही फितरा त्याच्या बापाने द्यावा, असे हनफी परंपरा सांगते. त्याचे दोन हेतू हदीसमध्ये आले आहेत : रोजे करताना बोलण्यावागण्यात काही उणे राहिले असेल तर त्याची शुद्धी व्हावी, आणि गरिबाच्या घरी अन्न जावे. एक हेतू देणाऱ्याचा आहे, दुसरा घेणाऱ्याचा. दोन्ही एकाच मापाने साधायचे आहेत.

ते माप मोठे अर्थपूर्ण आहे. त्याचे नाव ‘साअ’. हे मुळात वजन नव्हे, तर आपल्या पायलीसारखे भरून मोजण्याचे माप आहे. चार ‘मुद्द’ मिळून एक साअ होतो, आणि मुद्द म्हणजे मध्यम बांध्याच्या माणसाच्या दोन्ही हातांची भरलेली ओंजळ. म्हणजे खजूर किंवा जव यांच्या चार ओंजळी दर माणशी द्यावयाच्या, असा मूळ हिशेब. गव्हाच्या बाबतीत मात्र हनफी मत अर्धा साअ, म्हणजे दोन ओंजळी पुरेशा मानते. आपल्याकडच्या उलेमांनी या अर्ध्या साअचे वजन पावणेदोन शेर ठरविले. शेर 80 तोळ्यांचा. म्हणजे 140 तोळे. पुढे दशमान पद्धती आली तेव्हा त्याच 140 तोळ्यांचे 1 किलो 633 ग्रॅम झाले. गुरुजींच्या फळ्यावरचा तो चमत्कारिक वाटणारा आकडा असा मदिनेच्या ओंजळीतून, हिंदुस्थानच्या शेरातून आणि नव्या ग्रॅममधून प्रवास करीत आला होता.

आता प्रश्न असा, की गहू निम्मा का? हदीसच्या ग्रंथांत एक प्रसंग नोंदलेला आहे. मुआविया मदिनेस आले असता त्यांनी मिंबरवरून सांगितले, की शामचा, म्हणजे सीरियाचा, दोन मुद्द गहू हा एक साअ खजुराच्या तोडीचा आहे, असे मला वाटते. लोकांनी ते स्वीकारले. परंतु अबू सईद खुदरी हे सहाबी म्हणाले, की मी पूर्वीपासून जितके देत आलो तितकेच देत राहीन. हनफी मताला या प्रसंगाखेरीज अन्य आधारही आहेत, आणि मी काही धर्मशास्त्राचा निर्णय देणारा अधिकारी नव्हे. मला येथे केवळ एका व्यवहाराकडे लक्ष वेधायचे आहे. त्या काळच्या मदिनेत गहू दुरून येणारे, मोलाचे धान्य होते. खजूर मात्र घरच्या बागेतले. गव्हाचे माप निम्मे केले तरी गरिबाच्या पदरात पडणारे मूल्य निम्मे होत नव्हते.

आजच्या सुरतेत हे गणित पुरते उलटले आहे. या यादीत गहू सर्वांत स्वस्त आणि त्याचे मापही निम्मे. खजूर, मनुका यांच्या हिशेबाने येणारी रक्कम गव्हाच्या कित्येक पटींनी अधिक होते. म्हणूनच अलीकडे अनेक ठिकाणी रमजानात गहू, जव, खजूर आणि मनुका असे चारही दर जाहीर केले जातात आणि ऐपतीप्रमाणे निवड करावी, असे सुचविले जाते. तरीही संचा चालविणारा कारीगर आणि खात्याचा मालक, दोघेही बहुधा गव्हाच्याच ओळीपाशी थांबतात. दुसऱ्यांकडे बोट कशाला दाखवू? नोकरीला लागल्यावर पंधरा वर्षे मीही तेच केले. पगार वाढला, घर बदलले, मुले चांगल्या शाळेत गेली. फितरा तेवढा 1 किलो 633 ग्रॅम गव्हावरच राहिला. नियम मी मोडला नव्हता. गुरुजींच्या भाषेत सांगायचे तर मी वहीतले उत्तर बरोबर लिहीत होतो आणि घरी बारा मोजायला विसरलो होतो.

मापाइतकीच वेळही महत्त्वाची आहे. फितरा ईदच्या नमाजापूर्वी द्यावयाचा असतो. पैगंबरांचे सहाबी तो ईदच्या एक-दोन दिवस आधीच देत, अशी नोंद आहे. नमाजापूर्वी दिला तर तो फितरा. नंतर दिला तर ते इतर दानांसारखे एक दान, असे हदीस सांगते. देणाऱ्याची जबाबदारी त्याने संपत नाही, पण संधी निघून जाते.

या नियमाचा अर्थ मी ग्रंथांतून शिकलो नाही. मी नववीत असताना अब्बांचे खाते बंद पडले आणि चार महिने घरात पगार आला नाही. त्या वर्षी आम्ही देणारे नव्हतो, घेणारे होतो. वस्तीतला फितरा एका ठिकाणी गोळा होई. आमचे नाव यादीत असल्याचे कोणीतरी अब्बांना सांगितले होते. चांदरात झाली. अम्मा दाराची कडी न लावता बसून राहिली. हिशेब पुरा झाल्याशिवाय पोती उघडायची नाहीत, असे तिथे ठरले होते म्हणे. सकाळी आम्ही भावंडे शीरखुर्म्यावाचून, धुतलेल्या जुन्या कपड्यांत ईदगाहवर गेलो. दुपारी दोन वाजता गव्हाची पिशवी आली. माप पुरेपूर होते, माणसेही भली होती. आणणाऱ्याने अदबीने सलाम केला. अम्माने पिशवी आत ठेवली आणि मला एवढेच म्हणाली, “गहू तोच आहे बाळा, पण ईद सकाळी होती.”

मित्रहो, दानाविषयी मी पुढे बरेच वाचले. या वाक्याच्या पलीकडे मला जाता आले नाही. ईदच्या सकाळी कोणालाही हात पसरावा लागू नये, हा फितऱ्याचा मूळ उद्देश आहे. तो दिवस सर्वांना एकाच वेळी उगवला पाहिजे.

सुरतेला देण्याघेण्याची परंपरा नवी नाही. मोगल काळात हजला निघालेले यात्रेकरू याच बंदरातून जहाजात चढत. 1644 मध्ये बांधलेली मुगल सराई त्यांच्याही मुक्कामाची जागा होती. आज तिथे महानगरपालिकेचे कार्यालय आहे. पलीकडच्या तीरावरील रांदेरच्या व्यापाऱ्यांनी रंगूनपर्यंत पेढ्या उभारल्या. दाऊदी बोहरा समाजात ‘सिला-फितरा’ जमातीच्या व्यवस्थेमार्फत एकत्र होतो, तर सुन्नी घरांतून कोणी स्वतः देतो, कोणी मदरशाकडे सोपवतो. पद्धती निराळ्या, पण प्रश्न तोच : वेळेवर पोचले का?

2006 च्या ऑगस्टमध्ये तापीचा पूर शहरात शिरला. रांदेर, अडाजण या भागांत घरेच्या घरे पाण्याखाली गेली. महिना-दीड महिन्यात रमजान लागला. त्या वर्षी दिवाळी आणि ईद एकाच आठवड्यात आल्या. आदल्या वर्षी ज्यांनी फितरा दिला होता, अशा काही ओळखीच्या घरांत तेव्हा भिंतीवर चिखलाची रेघ होती. देणारा आणि घेणारा या कायमच्या जाती नाहीत. एका रात्रीचे पाणी त्या बदलू शकते, हे मला त्या वर्षी पुन्हा कळले. इमाम अबू हनीफा यांनी गरीब बिगरमुस्लिमालाही फितरा देता येतो असे मत दिले होते. पुढच्या विद्वानांत त्यावर मतभेद आहेत. पण पाणी ओसरल्यावर शेजाऱ्याच्या चुलीकडे पाहताना मला त्या मताची आठवण झाली.

त्या वर्षापासून मी घरात दोन गोष्टी बदलल्या. फितरा मनुकांच्या दराने काढतो, आणि विसाव्या रोज्यापूर्वी पोचवतो. यात बढाई मारण्यासारखे काही नाही. जे आधीच करायला हवे होते ते उशिरा केले, इतकेच. आता मापाच्या वेळी घरातल्या धाकट्या नातीला मी ओंजळ धरायला लावतो. तिच्या चिमुकल्या हातांत गहू मावत नाही, सांडतो. सांडलेला गहू ती वेचून पुन्हा मापात टाकते आणि वर आणखी थोडा घालते. तिला कोणी शिकवले नाही. गुरुजी असते तर म्हणाले असते, हिला दशांश नंतर शिकवा, हिचे उत्तर बरोबर आहे.