आमच्यानंतर त्याचं कोण?



कुंडापाशी तासन्‌तास बसणारा माझा धाकटा भाऊ आठवतोय ना? स्वमग्न आहे, आता चाळिशीला आलाय. आई थकली, म्हणून त्याच्यासाठी निवासी संस्था बघत फिरतेय.

शेजारच्या शहापूर तालुक्यातल्या कवडासच्या मतिमंद मुलांच्या वसतिगृहातली उपासमार, अत्याचार २०१० साली बातम्यांतून कळले. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. बदलापूरची ‘आधार’ मात्र प्रौढ मुलांसाठी पालकांनीच एकत्र येऊन उभी केली.

चकचकीत फरशीला मी भुलत नाही. आमच्या सॉफ्टवेअरमध्येही डेमो झकासच असतो! जेवणाच्या वेळी, न कळवता जाते. विचारते, सांभाळणाऱ्या मावश्या किती वर्षं टिकल्यात? दिवसभर त्याला काम काय?

पुढच्या रविवारी पुन्हा निघतेय. आपल्यातल्या डॉक्टर-वकिलांपैकी कुणी सोबत येणार असेल, तर चहाच्या वेळी भेटा.