कोणी सुरू केलं?

संध्याकाळी कुकरची दुसरी शिट्टी होते आणि बाहेरच्या खोलीतून हाक येते, "आई, हा बघ ना!" पाठोपाठ दुसरा आवाज, "आधी त्यानेच केलं!" तुम्ही हात पुसत बाहेर येता आणि विचारता, "कोणी सुरू केलं?" आज मला या एका प्रश्नाबद्दलच बोलायचंय. माझी दोन मुलं लहान होती तेव्हा तो मी हजार वेळा तरी विचारला असेल. खरं उत्तर एकदाही मिळालं नाही.

माझा थोरला तापट. मनातलं सगळं ओठांवर, आणि ओठांवरचं साऱ्या चाळीला ऐकू जाणार. धाकटा घुम्या. त्यामुळे आमच्या घरचा निकाल ठरलेला असायचा: आवाज ज्याचा, चूक त्याची. शिवाय "तू मोठा आहेस ना" हे कलम होतंच. एका रविवारी दोघे कॅरम खेळत होते. मी दारामागे कपड्यांच्या घड्या घालत होते, त्यांना दिसत नव्हते. थोरला राणीवर नेम धरायचा, आणि तो स्ट्रायकर सोडणार तेवढ्यात धाकटा गुडघ्याने बोर्ड हळूच, केसभर हलवायचा. चेहऱ्यावरची रेष हलत नव्हती. तिसऱ्या वेळी थोरल्याने पावडरचा डबा भिरकावला आणि घरभर पांढरं झालं. मी दारामागे नसते तर धपाटा कोणाला बसला असता, हे सांगायला नको. आधीच्या किती रविवारी असंच झालं असेल, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही.

एकाच आईबापांची, एकाच ताटात जेवलेली मुलं इतकी वेगळी कशी? हाताची पाच बोटं सारखी नसतात, असं म्हणून आपण विषय सोडून देतो. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मनोविकारतज्ज्ञ नवरा-बायकोने तो सोडला नाही. 1956 साली त्यांनी न्यूयॉर्कमध्ये शंभरावर मुलांचा तान्हेपणापासून अभ्यास सुरू केला आणि ती मुलं मोठी होईपर्यंत चालवला. मूल किती चळवळं आहे, त्याची झोप-भूक वेळच्या वेळी आहे का, अनोळखी माणसाकडे ते झेपावतं की मागे सरतं, रडतं-हसतं किती जोरात, अशा नऊ गोष्टी ते पाहत. त्यांना साधारण 40 टक्के मुलं सोपी दिसली, 10 टक्के अवघड, 15 टक्के हळूहळू रुळणारी. उरलेली 35 टक्के कुठल्याच खणात नीट बसेनात. मला हा शेवटचा आकडा फार आवडतो. आपण मात्र बारशाचे पेढे संपायच्या आत "हा गरीब, तो द्वाड" असे शिक्के मारून मोकळे होतो.

या दोघांचं मुख्य सांगणं मेळाचं आहे. मुलाचा स्वभाव आणि घरच्यांच्या अपेक्षा जुळल्या तर अवघड वाटणारं मूलही छान वाढतं. लग्नघरात एक पोर मांडवात शिरताक्षणी हरवतं, दुसरं तासभर आईचा पदर सोडत नाही. त्याला "काकांना नमस्कार कर, असा काय बावळटासारखा!" म्हणून पुढे ढकललं की ते आणखी आत जातं. तासभर जाऊ दिला तर तेच पोर पंगतीत जिलबी वाढायला उभं राहतं.

भांडणातही तसंच. हात उगारायचा नाही, हा नियम दोघांना एकच. पण तापट मुलाला ऐन रागात समजावणं म्हणजे उकळत्या दुधावर झाकण ठेवणं. त्याला आधी गॅलरीत जाऊ द्या, पाणी पिऊ द्या, बोलणं नंतर. घुम्याला उलट, रात्री दिवा मालवल्यावर विचारायचं. अंधारात ती मुलं बोलतात.

"पण मग दोघांना सारखं वागवायचं नाही का?" असं मला आया हमखास विचारतात. आमच्याकडे सरबताचे पेले जमिनीवर ठेवून, डोळा जमिनीला लावून मोजले जायचे. मी चमच्याने थेंब-थेंब सारखं करत बसायची, आणि भांडण पेल्यावरून चमच्यावर जायचं. शेवटी सासूबाईंनी तोडगा काढला: एकाने ओतायचं, दुसऱ्याने आधी उचलायचं. त्यानंतर ओतणाऱ्याचा हात सोनाराइतका नेमका झाला. लक्ष आणि वेळ मात्र असे मापाने वाटता येत नाहीत. ज्याला ज्या दिवशी हवेत, त्याला त्या दिवशी द्यावे लागतात.

"तू मोठा, तूच समजून घे" या कलमाबद्दल एवढंच म्हणेन. लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानेश्वर दार लावून बसले, तेव्हा त्यांची समजूत घातली ती चार भावंडांत सगळ्यांत धाकट्या मुक्ताबाईने, असं आपली परंपरा सांगते. ताटीचे अभंग त्यातूनच आले. समजूतदारपणा जन्मक्रमाने येत नाही, हे आपल्याला सातशे वर्षांपासून माहीत आहे. थोरल्या पोरांच्या वाट्याला त्याचा फायदा काही आला नाही.

एक गोष्ट वेगळी धरा. मार दर वेळी एकालाच बसत असेल, तो दुसऱ्याच्या सावलीला घाबरत असेल, झोपेत दचकत असेल, तर ती भावंडांची कुरबुर नव्हे. तिथे मोठ्यांनी तडक मध्ये पडायचं, आणि घरात आवरेना झालं तर समुपदेशकाकडे जायचं.

बाकी रोजच्या भांडणात आज एवढं करून पाहा. "कोणी सुरू केलं?" हे गिळून टाका. त्याऐवजी म्हणा, "रिमोट एक, माणसं दोन. काय करायचं ते ठरवा, तोवर रिमोट फ्रिजवर." आणि स्वयंपाकघरात परत जा. पहिले दोन-चार दिवस दोघं तुमच्या मागे येऊन दारात उभी राहतील, निकालाची सवय लागलेली असते ना. राहू द्या उभी. तुम्ही पोळ्या लाटा.