शेवटच्या गाडीनंतरचे कॉलेज

(अमरावती-अकोल्याच्या कार्यकर्त्या मैत्रिणींपुढे केलेले भाषण)



दर्यापूर, मूर्तिजापूर, बार्शीटाकळीकडच्या खेड्यांतून अमरावतीला, अकोल्याला शिकायला येणाऱ्या मुलींना विचारून पाहा, "कॉलेजात कशाकशात भाग घेतलास?" पुष्कळजणी सांगतात, "कशातच नाही. गाडी निघून जाते ना!"

तास संपले की नाटकाची तालीम, कबड्डीचा सराव, वक्तृत्वाची तयारी सुरू होते. नेमकी तेव्हाच आपली मुलगी एसटी स्टँडवर उभी असते. उशीर झालाच तर घरी ऐकावे लागते, "शिकाले धाडलं तुले, नाचाले नाही." आईच्या या रागामागे अंधाराची भीती असते, हे आपण जाणतो.

१९१४ साली अमरावतीत स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या खेळाडूंनी १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. त्याच अमरावतीत खेड्यातल्या मुलीला मैदानावर तासभर थांबता येऊ नये?

या गोष्टींना 'अवांतर' म्हणतो, तिथेच आपण चुकतो. चारचौघांत बोलणे, वर्गणीचा हिशेब ठेवणे, हरल्यावर पुन्हा खेळायला उतरणे, हे मुलगी इथेच शिकते. उद्या ग्रामसभेत ती तोंड उघडेल ते याच बळावर. राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० तास काम आणि सात दिवसांचे निवासी शिबिर असते. कितीतरी मुलींचा नातेवाइकांच्या घराबाहेरचा तो पहिलाच मुक्काम असतो.

मग करायचे काय? पहिले, सरावाची वेळ कॉलेजच्या वेळापत्रकातच मागू या. दुसरे, एसटीच्या आगारात जाऊन संध्याकाळची गाडी मागू या. २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धे तिकीट आहे. पण ते काढायला गाडी तर हवी! तिसरे, विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे विनियम मुलींना वाचून दाखवू या. शिबिरात, सहलीत, क्रीडास्पर्धेत, सांस्कृतिक महोत्सवात लैंगिक छळ झाला, तरी त्याची तक्रार कॉलेजच्या अंतर्गत समितीकडे करता येते. पालकांना "मुलीला पाठवा" म्हणण्याआधी ती समिती कागदावरच आहे की काम करते, तेही तपासू या.

मुलगी सुखरूप घरी पोचावी, ही आईची इच्छा रास्तच आहे. पण त्यासाठी दर वेळी मुलीनेच का लवकर निघायचे? गाडीने उशिरा निघावे!