मिरचीची चक्की वेगळी

दर्यापूर, अंजनगाव, मूर्तिजापूर भागातल्या सुतारभावांशी आज एकच गोष्ट बोलायची आहे. नवी कटर मशीन आली म्हणून जुनी भंगारात घालू नका.

गावची गिरणी आठवा. मिरचीची चक्की वेगळी असते, आणि बहुतेक ठिकाणी तीच जुनी असते. मिरचीमागून त्याच चक्कीत ज्वारी दळली, तर भाकरीचा पहिला घास ठसका लावतो. तुमच्या नव्या मशीनवर हेच चाललं आहे. सकाळी सागाची चौकट, दुपारी बाभळीची वखराची दांडी, संध्याकाळी पडलेल्या धाब्याच्या घरातली तुळई. बाभळीच्या सालीत माती, तुळईत आजोबांच्या काळचा खिळा. कार्बाइडचा एक दात उडाला, की पुढच्या सागावर रेघोट्याच.

आपला खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी खारं, भिस्त सारी खरिपावर. म्हणून अक्षय तृतीयेपासून मृगापर्यंत ज्याला त्याला वखर, डवरा, तिफन आजच पाहिजे. त्या गर्दीत उभ्या चिरकामाला 24 दातांचं पातं चढवा, आडव्या कापाला 60 दातांचं. दर वेळी नट सोडा, गुण्या लावा, पट्टी पुन्हा मोजून बसवा. यात किती वेळ जातो, कधी मोजलं का भाऊ?

जुन्या मशीनवर 24 दातांचं पातं कायमचं राहू द्या. तिच्यावर बाभूळ, कडूनिंब आणि जुनं लाकूड. तेही चुंबकानं खिळे शोधून. साग नाही, प्लाय नाही. पुन्हा सांगतो, ‘घाई आहे, एवढी एकच पट्टी’ असंही नाही. दारात कितीही रांग लागो, गिरणीवाला मिरचीच्या चक्कीत गहू ओततो का? आणि मिरचीची म्हणून तिला टाकी लावायचं तो सोडत नाही. तुम्हीही जुन्या पात्याची धार सोडू नका. बोथट पातं बाभळीत अडकतं आणि लाकूड उलटं पोटावर येतं.

जुनी मशीन म्हणून पात्यावरचं झाकण काढून ठेवलेलं मी पाहतो. फार वाईट वाटतं. ते आजच बसवा. पात्यामागे पत्र्याची पाचरही हवी, म्हणजे चिरलेली फट मिटून पात्याला आवळत नाही. पाचर पात्याच्या पत्र्यापेक्षा जाड, दातांच्या कापापेक्षा बारीक. ती पात्याच्या किती जवळ बसवायची, हे... वेळ संपल्याची खूण झाली. मोटरीच्या पट्ट्याचं तर राहिलंच.