गर्भिणीची झोप



‘दिवस राहिले की झोप उडायचीच’ असे म्हणून आपल्या घरांत गर्भिणीची तक्रार कानाआड केली जाते. पोट वाढल्याने कूस बदलणे जड जाते, लघवीस वारंवार उठावे लागते, हे खरे. परंतु प्रत्येक जागरण इतके निरुपद्रवी नसते, एवढेच आम्हांस आज सांगावयाचे आहे.

अंथरुणावर पडताच पायांत वळवळ होते, पाय हलविल्यावाचून चैन पडत नाही, असे कोणी म्हणाली तर तिचे रक्त तपासून घ्यावे. पुष्कळदा याचे मूळ लोहाच्या कमतरतेत असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १०० पैकी ५२ गर्भवतींना रक्तक्षय आढळला. लोहाच्या गोळ्या नेमाने घ्याव्यात. चहाबरोबर मात्र घेऊ नयेत, कारण चहा लोह अंगी लागू देत नाही.

घोरणे नव्याने सुरू झाले तर तेही हसण्यावारी नेऊ नये. घोरणाऱ्या गर्भिणींत रक्तदाब व मधुमेह अधिक आढळतात. त्यातच डोके फार दुखू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. २८ व्या आठवड्यानंतर कुशीवरच निजावे. उताणे निजल्यास गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिन्यांवर पडतो.

सासूबाईंनी सुनेस रोज सकाळी ‘झोप लागली का?’ असे विचारावे आणि तिचे उत्तर डॉक्टरांच्या कानी घालावे, एवढीच आमची विनंती आहे.