घर, मक्तब आणि शाळा

सोलापुरात विजापूर वेशीच्या बाजूने सकाळी लवकर कधी गेलात, तर एक दृश्य हमखास पाहायला मिळेल. मुलग्यांच्या डोक्यावर पांढरी टोपी, मुलींच्या डोक्यावर ओढणी, छातीशी कापडात गुंडाळलेले पुस्तक. अशी लहान मुले मक्तबातून घराकडे पळत असतात. मक्तब म्हणजे बहुधा मशिदीला लागून भरणारा लहान मुलांचा वर्ग. तिथे अरबी अक्षरओळख होते, कुराण वाचायला शिकवतात, नमाजेची रीत सांगतात. ही मुले घरी जातील, चहात बुडवून चार घास खातील, गणवेश चढवतील आणि पुन्हा शाळेकडे पळतील. आपल्या जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतही हे दृश्य नवीन नाही.

आता जरा विचार करा. या मुलाची घरची भाषा दखनी, मक्तबातली अरबी आणि शाळेतली मराठी. गल्लीत कानडी आणि तेलुगूही त्याच्या कानावर पडते. ज्या सोलापुरात १९९० साली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, त्या सोलापूरचे हे मूल आहे. भाषांचे ओझे ते हसत पेलते. त्याला जड जाते ते दुसरेच. घरी दरडावणी, मक्तबात छडी आणि शाळेत पुन्हा दरडावणी, असे तिन्हीकडे भयच वाट्याला आले, तर मूल शिकते खरे. पण काय शिकते? लपवायला शिकते. आज मला बोलायचे आहे ते याविषयी. इस्लामी परंपरेत शिकवणे, प्रार्थना आणि घरसंसार या तीन वेगळ्या गोष्टी मानलेल्या नाहीत, आणि तिघींच्या मुळाशी भय नाही, माया आहे. हे मुसलमान पालकांनी आठवायला हवे आणि इतर शिक्षकांनी जाणून घ्यायला हवे.

माझे स्वतःचेच सांगतो. आमचे गाव अक्कलकोट तालुक्यातले. उन्हाळा आला की पाण्याची ओढाताण ठरलेली. आमच्या दादीमा शाळेची पायरी कधी चढल्या नव्हत्या. पण नमाजेपूर्वी हातपाय-तोंड धुण्याचा जो विधी, ज्याला आपण वजू म्हणतो, तो मला त्यांनी शिकवला. कसा? त्या एका लोट्यात वजू करायच्या आणि मला शेजारी बसवायच्या. मी भसाभस पाणी ओतले की म्हणायच्या, ‘‘पानी जादा नको गिरा रे, बेटा.’’ एवढेच. मोठेपणी हदीसचे ग्रंथ, म्हणजे पैगंबरांच्या वचनांचे आणि आचरणाचे संग्रह, वाचले तेव्हा कळले की पैगंबरसाहेब स्वतः साधारण ओंजळभर पाण्यात वजू करीत. आमच्या निरक्षर दादीमांनी मला हदीसच शिकवली होती. फक्त ती बोलून दाखवली नव्हती, करून दाखवली होती.

हजरत मुहंमद पैगंबरांची शिकवण्याची रीत अशीच होती. एकदा मशिदीत एक माणूस आला, घाईघाईने नमाज पढला आणि सलाम करायला आला. पैगंबर म्हणाले, परत जा, पुन्हा पढ, तुझी नमाज झालीच नाही. असे तीन वेळा झाले. शेवटी तो माणूसच म्हणाला, मला याहून चांगली येत नाही, आपण शिकवा. तेव्हा पैगंबरांनी त्याला सगळी रीत सावकाश समजावली. शिक्षक मित्रांनो, यातले मर्म ध्यानात घ्या. ‘‘मला येत नाही, शिकवा’’ हे वाक्य विद्यार्थ्याच्या तोंडून येईपर्यंत गुरुजींनी वाट पाहिली. आणि ते आले तेव्हा टोमणा मारला नाही.

दुसरा प्रसंग तर सर्वांच्या माहितीचा. वाळवंटातला एक अडाणी माणूस मशिदीतच लघवीला बसला. लोक त्याच्या अंगावर धावले. पैगंबरांनी लोकांनाच थांबवले, त्याचे होऊ दिले, मग त्या जागेवर बादलीभर पाणी ओतायला सांगितले. जमलेल्यांना ते म्हणाले की तुम्हांला सोपे करण्यासाठी पाठवले आहे, अवघड करण्यासाठी नव्हे.

नमाजेविषयी पुष्कळांची अशी समजूत असते की तिथे लहान मुलांची लुडबूड चालायची नाही. पण हदीस काय सांगते पाहा. नात उमामा हिला खांद्यावर घेऊन पैगंबर नमाज पढले. सज्द्याला वाकताना तिला खाली ठेवीत, उभे राहताना पुन्हा उचलून घेत. नमाज चालू असताना मागे एखादे तान्हे रडू लागले, तर त्याच्या आईचा जीव कासावीस होईल म्हणून ते नमाज आटोपती घेत. आपल्याकडे मात्र मागच्या रांगेत पोरे हसली की एखादे वडीलधारे सलाम फिरवल्याबरोबर त्यांना मशिदीबाहेर काढतात. हाकललेले मूल रागाने नव्हे, लाजेने परत येत नाही. मग वीस वर्षांनी आपणच म्हणतो, तरुण मंडळी मशिदीत दिसत नाहीत.

यावर कोणी जाणकार मला विचारील, ‘‘सर, मूल सात वर्षांचे झाले की नमाज सांगा आणि दहाव्या वर्षीही पढले नाही तर मारा, अशी हदीस आहे ना?’’ आहे, नाकारत नाही. पण हिशेब करून पाहा. सात ते दहा ही तीन वर्षे. रोज पाच वेळा. म्हणजे पाच हजारांहून अधिक वेळा मायेने सांगून, सोबत घेऊन, करून दाखवायचे आहे. ते पाच हजार वेळा कोणी केले? आणि पुढचे जे आहे त्यालाही धर्मशास्त्राच्या पंडितांनी कडक मर्यादा घातल्या: इजा होऊ नये, तोंडावर मारू नये, रागाच्या भरात हात उचलू नये. खुद्द पैगंबरांविषयी त्यांच्या पत्नी हजरत आयेशा सांगतात की रणांगण सोडले तर त्यांनी कोणावरही, बाईमाणसावर किंवा नोकरावरही, कधी हात उगारला नाही. दहा वर्षे त्यांच्या घरी काम केलेले अनस सांगतात की मला त्यांनी कधी हूं की चूं केले नाही.

पुढच्या काळातल्या विद्वानांनीही हेच ओळखले. इ.स. ११११ मध्ये निवर्तलेले इमाम गझाली लिहून गेले की मक्तबातून आल्यावर मुलाला खेळू द्यावे, नाहीतर त्याचे मन मरून जाते. चौदाव्या शतकातला थोर इतिहासकार इब्न खल्दून याने बजावले की मारून शिकवलेले मूल आळशी होते, खोटे बोलते आणि पुढे ती खोड त्याचा स्वभावच बनते. आपल्या देशात २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मुलाला मारायला बंदी घातली. इब्न खल्दूनने सहाशे वर्षांपूर्वी याचीच कारणे सांगून ठेवली होती.

आणि हे सारे ठाऊक असूनही माझ्या हातून चूक घडली. कॉलेजात येण्यापूर्वी मी एका शाळेत शिकवीत होतो. दुपारच्या तासाला एक मुलगा बाकावर डोके ठेवून झोपला होता. मी त्याला चापट मारली. पोरगा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. आई उंबऱ्याशी सुपात तंबाखू-पाने घेऊन विड्या वळीत होती. ती म्हणाली, ‘‘पहिलाच रोजा होता त्याचा, सर. सहरीला तीनला उठला होता.’’ मी स्वतः त्या दिवशी रोजा धरलेला माणूस! माझ्या लक्षात कसे आले नाही? एवढ्यात मगरीबची अजान झाली. त्या माउलीने खजूर पुढे केला. त्या मुलाने आपल्या हाताने मला पाण्याचा पेला दिला. त्या पेल्याचे ओझे अजून उतरलेले नाही. मुलगा शाळेत परत आला; पण त्यानंतर त्याने वर्गात आपणहून हात वर केला, असे मला कधी दिसले नाही.

आता घरातल्या कर्त्या पुरुषांसाठी चार शब्द. पैगंबर घरी काय करीत, असे कोणी विचारले तेव्हा हजरत आयेशा म्हणाल्या की घरच्यांच्या कामाला हातभार लावीत आणि नमाजेची वेळ झाली की निघत. आपली चप्पल शिवणे, कपड्याला टाका घालणे, शेळीची धार काढणे ही कामे ते करीत. बाप पाण्याचा हंडा उचलतो हे ज्या मुलाने पाहिले, त्याला आईचा आदर कर म्हणून वेगळा धडा द्यावा लागत नाही.

मुलींच्या बाबतीत तर जास्तच सांगायला हवे. सातवी झाली, बस्स झाले, असे म्हणणारे बाप आजही भेटतात. त्यांना मी विचारतो, मदिनेच्या बायकांनी स्वतःसाठी शिकवणीचा वेगळा दिवस मागितला आणि पैगंबरांनी तो दिला, हे तुम्हांला ठाऊक आहे का? शिफा नावाच्या बाईंनी पैगंबरांच्या पत्नी हजरत हफसा यांना लिहायला शिकवले. आपल्या पुण्यात सावित्रीबाईंच्या कामात फातिमा शेख सोबतीला होत्या. सावित्रीबाईंच्या १८५६ च्या पत्रात फातिमेचे नाव येते.

शेवटी, खेड्यातल्या माझ्या हिंदू शिक्षक बंधुभगिनींना एक गोष्ट मुद्दाम सांगतो. इ.स. ६२४ च्या बद्रच्या लढाईत मक्केचे जे कैदी सापडले, त्यांतल्या लिहितावाचता येणाऱ्यांची सुटका एका अटीवर झाली, असे इतिहासकार सांगतात: मदिनेच्या दहा मुलांना अक्षरे शिकवायची. ते कैदी मुसलमान नव्हते, कालपर्यंत शत्रू होते. तरी त्यांना गुरुजी केले. तेव्हा मुसलमान मुलाच्या घरी जायला, त्याच्या मक्तबाची वेळ विचारायला, रमजानात त्याला पहिल्या तासाला अवघड गणित द्यायला आणि शेवटच्या तासाला जरा सांभाळून घ्यायला संकोच करू नका. मक्तबातल्या उस्तादांनीही शाळेच्या गुरुजींना कधी चहाला बोलवावे. मूल एकच आहे. त्याला शिकवणाऱ्यांची एकमेकांशी ओळख तरी असू द्या.

उद्या सकाळी तुमच्या गल्लीतून एखादे पोर टोपी सावरीत पळताना दिसले, तर त्याला थांबवून एवढेच विचारा, ‘‘आज काय शिकलास?’’ ते न घाबरता सांगू लागले, तर समजा, तुमच्या गावात घर, मक्तब आणि शाळा तिन्ही ठीक चालली आहेत.